पटलावरचं प्रथिन एन्डोसोममध्ये शोधताना: नव्या हातांसाठी

डिझर्टेशनला नवीन मूल आलं की गाईड पहिल्या आठवड्यातच सांगतात, ‘हे प्रथिन एन्डोसोममध्ये जातं का बघ.’ वाक्य सहा शब्दांचं, काम सहा महिन्यांचं. (एन्डोसोम म्हणजे पेशीने बाहेरून आत घेतलेला माल जिथे उतरतो ती पटलाची पिशवी.) त्या एका वाक्यात तीन प्रश्न दडलेले असतात: प्रथिन तिथे केव्हा असतं, त्याचं कोणतं टोक आत आणि कोणतं बाहेर असतं, आणि त्या घडीला त्याच्या अंगावर कोणती रासायनिक खूण असते. बहुतेक जण तिन्ही सोडून चौथ्याच गोष्टीच्या मागे लागतात. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकावर एका प्रथिनाच्या हिरव्या आणि दुसऱ्याच्या लाल ठिपक्यांचा पिवळा झाला की फोटो काढायचा आणि लॅब मीटिंगमध्ये दाखवायचा. तो पिवळा रंग बऱ्याचदा फसवा असतो. कसा, ते पुढे येईलच.

तुमचं स्वतःचं प्रथिन कितीही रंजक असलं तरी सुरुवात त्याच्यापासून करू नका. ज्याचं उत्तर ठाऊक आहे असं गणित आधी सोडवा. माझ्या मते सगळ्यांत चांगलं गणित म्हणजे हेला या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींमधला ईजीएफआर, म्हणजे एपिडर्मल ग्रोथ फॅक्टरचा (ईजीएफचा) ग्राही, पटलावर बसून त्याला पकडणारं प्रथिन. त्याचा प्रवास पाठ्यपुस्तकाइतका स्पष्ट आहे, अँटिबॉडी चांगल्या मिळतात आणि चूक झाली तर ती आपलीच आहे हे लगेच कळतं.

आधी नकाशा

पेशीपटलाचा तुकडा आत वळतो, तुटतो आणि पिटिका होऊन सुरुवातीच्या एन्डोसोमला मिळतो. या एन्डोसोमची ओळख म्हणजे रॅब५ आणि ईईए१ ही प्रथिनं. व्हीपीएस३४ हे विकर त्याच्या पटलावर पीआय३पी नावाचा लिपिड तयार करतं, आणि ईईए१ त्या लिपिडाला धरूनच तिथे बसतं. आतला पीएच साधारण ६ ते ६.५. पुढे रॅब५ जाऊन रॅब७ येतं, पीएच ५.५ च्या आसपास उतरतो, आत छोट्या छोट्या पिटिका भरू लागतात. हा उशिराचा एन्डोसोम. शेवटी लायसोसोम, म्हणजे मराठी माध्यमवाल्यांची लयकारिका: पीएच ४.५ ते ५, ओळख लॅम्प१. परत पटलाकडे जाणाऱ्या फाट्यावर रॅब४ आणि रॅब११ भेटतात.

सुरुवातीचा एन्डोसोम म्हणजे पेशीतलं दादर. सगळ्या दिशांचे प्रवासी तिथे उतरतात आणि कोण कुठली गाडी पकडणार हे तिथेच ठरतं. फरक एवढाच की हे स्टेशन स्वतःही पुढे सरकत आणि बदलत असतं. रॅब५चा एन्डोसोमच हळूहळू रॅब७चा होतो, त्यामुळे मधल्या अवस्थेत दोन्ही खुणा एकाच ठिपक्यावर दिसल्या तर लगेच अँटिबॉडीला दोष देऊ नका.

दोन प्रवासी ओळखून ठेवा. पहिला ट्रान्सफेरिनचा ग्राही. लोह घेतलेलं ट्रान्सफेरिन आत येतं, आम्लात लोह सुटतं, पण रिकामं ट्रान्सफेरिन ग्राहीला चिकटूनच राहतं आणि दोघं पटलावर परततात. बाहेरच्या सातच्या वरच्या पीएचला मग ते सुटतं. ही फेरी मिनिटांत पूर्ण होते आणि ग्राही पुन्हा पुन्हा वापरला जातो. दुसरा ईजीएफआर. ईजीएफ चिकटलं की ग्राहींच्या जोड्या जमतात, शेपटीवरच्या टायरोसिनांवर फॉस्फेट लागतात, त्यांवर सीबीएल नावाचं प्रथिन येऊन बसतं आणि युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाचे शिक्के मारतं. हा शिक्का म्हणजे लायसोसोमचं तिकीट. एकाच पेशीत एक परतणारा आणि एक न परतणारा असे दोघं हाताशी असले की तुलनेला आणखी काही लागत नाही.

कागदावर प्रथिन काढा, दोन्ही टोकांसह

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, म्हणून इथे थोडा वेळ घालवतो.

पटलातून आरपार गेलेल्या प्रथिनाचं जे टोक पेशीद्रवात असतं ते कायम पेशीद्रवातच राहतं. जे पेशीबाहेर असतं ते एन्डोसोममध्ये गेल्यावर आतल्या पोकळीत येतं. एन्डोसोमची पोकळी म्हणजे पेशीच्या पोटात आलेलं बाहेरचं जग. ईजीएफआरचं अमिनो टोक बाहेर आणि कार्बॉक्सिल शेपटी पेशीद्रवात. हे वहीत पेनाने काढा, कॉम्प्युटरवर नको.

याने काय ठरतं? एक तर कोणता बदल कुठे होऊ शकतो हे ठरतं. फॉस्फेट देणारे कायनेज आणि युबिक्विटिन लावणारी विकरं पेशीद्रवात असतात, त्यामुळे त्या खुणा एन्डोसोममधल्या ग्राहीच्या शेपटीवरच लागणार. पोकळीतल्या बाजूला काम चालतं ते कात्रीवाल्यांचं: आम्लात जोमाने चालणाऱ्या कॅथेप्सिनांचं. टीएलआर९ हा जंतूंचा डीएनए ओळखणारा ग्राही तिथे कापला जातो आणि त्यानंतरच नीट कामाला लागतो. अल्झायमरच्या संदर्भात ज्याचं नाव येतं ते एपीपी प्रथिन बीएसीई१ हे विकर एन्डोसोमच्या आम्लातच चांगलं कापतं. इबोला विषाणूच्या कवचावरचं प्रथिनही आत शिरण्याआधी याच कॅथेप्सिनांकडून छाटून घेतं. तेव्हा ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी करून अँटिबॉडीने ओळखतात त्या पट्टीवर, तुमचं प्रथिन अपेक्षेपेक्षा लहान दिसलं तर ‘सॅम्पल खराब झालं’ म्हणण्याआधी चित्र बघा. तुकडा कोणत्या टोकाचा आहे आणि तुमची अँटिबॉडी कोणतं टोक ओळखते?

दुसरं, टॅग, म्हणजे प्रथिनाला जोडायची चमकणारी खूण, कुठे लावायचा हे ठरतं. साध्या सुधारित जीएफपीचा (हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचा) उजेड पीएच ६ च्या आसपास निम्म्यावर येतो. तो पोकळीच्या बाजूला लावला तर प्रथिन एन्डोसोममध्ये पोचतं आणि नेमकं तिथेच दिसेनासं होतं. माझे स्वतःचे तीन महिने यात गेलेत. पटलावर सुंदर हिरवी कड, आत काही नाही, आणि मी ‘हे आत जातच नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळा. टॅग शेपटीकडे न्या, नाहीतर आम्लात टिकणारं लाल एमचेरी वापरा.

आणखी एक बारीक फास. ईजीएफआरमधला सीबीएल बसण्याचा टायरोसिन कुठे १०४५ लिहिलेला दिसेल, कुठे १०६९. दोन्ही एकच. सुरुवातीचा २४ अमिनो आम्लांचा संकेत-तुकडा मोजला की १०६९, कापून टाकल्यावर मोजलं की १०४५. म्युटेशन मागवण्याआधी एकदा बेरीज करा.

पेशी आणि उपास

हेला पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातून मिळतात. आल्यावर आधी मायकोप्लाझ्मा या जिवाणूचा संसर्ग तपासा. १२ मिलिमीटरच्या कव्हरस्लिपा २४ खान्यांच्या प्लेटमध्ये ठेवून आदल्या दिवशी पेशी घाला. प्रयोगाच्या वेळी ६० ते ७० टक्के जागा भरलेली हवी. फार दाटीत पेशी उंच होतात आणि ठिपके एकावर एक दिसतात.

सिरममध्ये वाढीचे घटक असतातच, म्हणून किमान ४ तास सिरमशिवाय ठेवा. लोक ए४३१ पेशीही सुचवतील, कारण त्यात ईजीएफआर भरपूर. ब्लॉटसाठी छान, पण वाहतूक बघायला नको. ग्राहींची इतकी गर्दी की आत घेणारी यंत्रणाच अपुरी पडते.

बर्फावर चिकटवणं

पेशी बर्फावर ठेवल्या की आत घेणं थांबतं, पण ईजीएफ पटलावरच्या ग्राहीला चिकटत राहतं. यामुळे सगळ्या ग्राहींची शर्यत एकाच रेषेवरून सुरू करता येते. माध्यम आधीच थंड केलेलं हवं आणि प्लेट बर्फात ठेवलेल्या धातूच्या पत्र्यावर. नुसत्या चुरा बर्फावर प्लेटचा तळ टेकत नाही, मधे हवा राहते. माध्यमात हेपेस हा बफर घाला, कारण नेहमीचं बायकार्बोनेटचं माध्यम इन्क्युबेटरबाहेर गडद गुलाबी होत जातं, म्हणजे पीएच चढतो.

ईजीएफ किती? हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. मिलिलिटरला १–२ नॅनोग्रॅम दिलं तर ग्राही मुख्यतः क्लॅथ्रिन या प्रथिनाच्या जाळीच्या वाटेने आत जातात आणि बरेचसे परततात. २० ते १०० नॅनोग्रॅम दिलं तर क्लॅथ्रिनशिवायची वाटही उघडते, युबिक्विटिन भरपूर लागतं आणि मोठा हिस्सा लायसोसोमला जातो. प्रथिन तेच, पेशी त्याच, मात्रेने मुक्काम बदलतो. पहिल्या प्रयोगाला १०० घ्या म्हणजे संकेत ठळक मिळेल, पण वहीत आकडा ठळक लिहा. दोन लॅबचे निकाल जुळत नाहीत तेव्हा मी आधी ही मात्रा बघतो.

ईजीएफऐवजी टीजीएफ-अल्फा वापरून बघण्यासारखं आहे. तेही याच ग्राहीला चिकटतं, पण एन्डोसोमच्या सौम्य आम्लातच सुटतं. ईजीएफ मात्र चिकटून राहतं. लिगँड, म्हणजे ग्राहीला चिकटणारा रेणू, सुटला की फॉस्फेट आणि युबिक्विटिन उतरतात आणि ग्राही पटलावर परततो. खूण गेली की वाट बदलते, हे एका दिवसाच्या प्रयोगात डोळ्यांनी दिसतं. नव्या मुलांना मी हा प्रयोग मुद्दाम करायला लावतो.

घड्याळ

तासाभराने थंड माध्यमाने धुऊन सुटं ईजीएफ काढा आणि ३७ अंशांचं माध्यम घाला. वेळा: ०, ५, १५, ३०, ६०, १२० मिनिटं. प्लेट नुसती उचलून इन्क्युबेटरमध्ये ठेवली तर ती तापायलाच कितीतरी मिनिटं जातात आणि तुमची ‘५ मिनिटं’ खोटी ठरतात. आधी तापवलेलं माध्यम ओता आणि प्लेट वॉटर बाथच्या पाण्याला टेकवून ठेवा. १२० मिनिटांची कव्हरस्लिप सगळ्यांत आधी गरम करा, ५ ची शेवटी. म्हणजे सगळ्या एकाच वेळी संपतात आणि एकत्रच बर्फावर येतात.

साधारण ५ ते १५ मिनिटांत ईईए१ सोबत ठिपके, तासाभराने लॅम्प१ किंवा सीडी६३ (हीसुद्धा उशिराच्या टप्प्याची खूण) सोबत, आणि दोन तासांनी एकूणच ग्राही कमी झालेला, असा क्रम दिसायला हवा. ० मिनिटाला फक्त कड दिसली पाहिजे. तिथेच ठिपके असतील तर तुमचा बर्फ पुरेसा थंड नव्हता, पुढचं सगळं फेकून द्या. वाईट वाटेल, पण फेका.

स्थिर करणं, रंगवणं

४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, १५ मिनिटं, मग ५० मिलिमोलर अमोनियम क्लोराइडने उरलेलं निष्प्रभ करा. पटलाला भोकं पाडायला ट्रायटन आणि सॅपोनिन असे दोन पर्याय. ट्रायटन पटलातली प्रथिनं ओढून बाहेर काढू शकतं. मी सॅपोनिन ०.१ टक्का वापरतो. त्याची गोम अशी की त्याने पाडलेली भोकं परत बुजतात, म्हणून पुढच्या प्रत्येक अँटिबॉडीत आणि धुण्याच्या पाण्यातही ते हवंच.

एक कव्हरस्लिप भोकं न पाडता रंगवा, बाहेरचं टोक ओळखणारी अँटिबॉडी वापरून. त्यात दिसतो तो फक्त पटलावरचा साठा. आणि एक फक्त सेकंडरी, म्हणजे पहिल्या अँटिबॉडीला चिकटणाऱ्या चमकत्या अँटिबॉडीची. ही नसेल तर तुमचा फोटो मी बघणारसुद्धा नाही.

पिवळा रंग का फसवतो

साध्या कॉन्फोकलला २०० ते २५० नॅनोमीटरपेक्षा जवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दिसत नाहीत. सुरुवातीचे बरेच एन्डोसोम याच मापाच्या आगेमागे असतात आणि उशिराच्या एन्डोसोममधल्या आतल्या पिटिका तर ५० नॅनोमीटरच्या आसपास. म्हणजे पिवळा ठिपका फक्त एवढंच सांगतो की दोन प्रथिनं एकाच मोहल्ल्यात आहेत. एकाच घरात, त्यातही कोणत्या खोलीत, हे तो सांगत नाही.

त्यासाठी एक जुनी युक्ती. रॅब५चं क्यू७९एल हे रूप जीटीपी मोडत नाही, म्हणून कायम चालूच राहतं, त्यामुळे एन्डोसोम एकमेकांत मिसळून मायक्रोमीटरांएवढे फुगतात. मग साध्या कॉन्फोकलवरही ग्राही कडेवर आहे की पोटात हे वेगळं दिसतं. अर्थात हे एन्डोसोम आजारी आहेत हे विसरू नका. इथे आकारापुरता पुरावा घ्यायचा, वेळेचा नाही. साधं जीएफपी-रॅब५ सुद्धा जास्त झालं तर वाहतूक बिघडवतं, म्हणून मोजणीसाठी पेशीतलंच ईईए१ रंगवलेलं बरं.

मोजताना मँडर्सचा गुणांक घ्या, म्हणजे ग्राहीच्या संकेतापैकी किती वाटा ईईए१ वर आहे ते कळतं. मग एक रंग ९० अंशांत फिरवून तोच आकडा पुन्हा काढा. फिरवल्यावरही आकडा जवळपास तेवढाच राहिला, तर तो निव्वळ गर्दीचा योगायोग होता. किमान तीन वेगवेगळ्या दिवसांचे प्रयोग हवेत. एका कव्हरस्लिपवरच्या ५० पेशी म्हणजे ५० प्रयोग नव्हेत.

बायोटिनने हिशोब पडताळणं

सूक्ष्मदर्शकाबाहेरचा पुरावा हवाच. बर्फावर सल्फो-एनएचएस-एसएस-बायोटिनने पटलावरची प्रथिनं चिन्हांकित करा. हा रेणू पटलातून आत शिरत नाही. बफरमध्ये ट्रिस किंवा ग्लायसिन नको, नाहीतर बायोटिन त्यांनाच चिकटून संपतं. पेशी गरम करा, ठरल्या वेळी परत बर्फावर आणा आणि ग्लुटाथायोनने बाहेर उरलेलं बायोटिन कापा. आत गेलेलं सुरक्षित राहतं. मग स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या मण्यांवर ओढा आणि ब्लॉट करा. ० मिनिटाच्या कापलेल्या सॅम्पलमध्ये पट्टा दिसला तर कापणं अपुरं पडलं आहे.

शिक्का वाचणं

युबिक्विटिन बघायचं म्हणजे वेळेशी झोंबायचं. पेशी फोडल्या क्षणापासून शिक्के उतरवणारी विकरं कामाला लागतात. म्हणून लायसिस बफरमध्ये १० मिलिमोलर एन-इथाइलमॅलिमाइड, त्याच दिवशी इथेनॉलमध्ये विरघळवलेलं. हातमोजे घाला, ते विषारी आहे. बफरमध्ये डीटीटी नको, दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. फॉस्फेट टिकवायला सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट आणि फ्लोराइड.

नवे लोक हमखास चुकतात ती जागा पुढची. अँटिबॉडीने ग्राहीला मिश्रणातून ओढल्यावर त्याच्याबरोबर चिकटून आलेल्या दुसऱ्याच प्रथिनाचं युबिक्विटिन दिसू शकतं. म्हणून १ टक्का एसडीएसमध्ये ९५ अंशांवर ५ मिनिटं उकळा, सगळ्या सोयरिकी मोडा, मग ट्रायटनच्या बफरने दहापट पातळ करा आणि त्यानंतर ईजीएफआरच्या अँटिबॉडीने ओढा. डीएनएमुळे सॅम्पल शेंबडासारखं होईल, बारीक सुईतून काही वेळा ओढा.

ब्लॉटवर १७० किलोडाल्टनच्या वर पसरलेला डाग दिसेल. पी४डी१ ही अँटिबॉडी सुटं युबिक्विटिनही ओळखते, एफके२ फक्त प्रथिनाला लागलेलं. ईजीएफआरवर सुटे शिक्के आणि लायसिन ६३ वरून जोडलेल्या साखळ्या या दोन्ही असतात. लायसिन ४८ च्या साखळ्या प्रामुख्याने प्रोटिएसोमचा, म्हणजे पेशीद्रवातल्या प्रथिनं मोडणाऱ्या यंत्राचा, रस्ता दाखवतात, म्हणून साखळीचा प्रकार वेगळ्या अँटिबॉडीने तपासा.

आता घड्याळ आणि शिक्का एकत्र ठेवा. १५ मिनिटांना गडद डाग, ६० ला फिका. याचा अर्थ खूण चुकून गेली असा नाही. एन्डोसोमवर एचआरएस हे प्रथिन आणि त्यामागून एस्कॉर्ट नावाचे प्रथिनांचे संच युबिक्विटिनला धरून ग्राहीला आतल्या पिटिकेत ढकलतात, आणि ढकलण्याआधी यूएसपी८ आणि एएमएसएच ही विकरं शिक्के परत काढून घेतात. युबिक्विटिन पेशीला पुन्हा वापरायचं असतं. ग्राही पिटिकेत गेला की त्याची शेपटी पेशीद्रवापासून तुटते आणि संदेश थांबतो. तोवर तो एन्डोसोमवर बसूनही संदेश देतच असतो.

औषधं, थोडी जपून

बॅफिलोमायसिन १०० नॅनोमोलर: आम्लीकरण थांबतं आणि ग्राही न मोडता साचतो. सायक्लोहेक्झिमाइड: नवं प्रथिन बनणं बंद होतं, म्हणजे घट खरी घट असते. आत घेणं रोखणारं डायनॅसोर सिरममध्ये निकामी होतं आणि त्याचे इतर परिणामही बरेच आहेत. प्रोटिएसोम अडवणाऱ्या एमजी१३२ ने ईजीएफआर टिकला म्हणून ‘प्रोटिएसोम मोडतो’ असं लिहू नका. प्रोटिएसोम तुंबला की सुटं युबिक्विटिन संपतं आणि एन्डोसोमवरची निवडही अडते.

आता तुमचं प्रथिन

वरचा सगळा क्रम एकदा जुळला की त्याच प्लेटमध्ये ईजीएफआर आणि ट्रान्सफेरिन नियंत्रण म्हणून ठेवून स्वतःचं प्रथिन घ्या. चमकणारं ट्रान्सफेरिन मिलिलिटरला २० ते २५ मायक्रोग्रॅम, १० मिनिटं पुरे. प्रथिन लवकर ईईए१ वर आलं आणि नंतर पटलावर परतलं, तर रेट्रोमरकडे वळा. व्हीपीएस२६, २९ आणि ३५ अशा तीन प्रथिनांचा हा संच एन्डोसोमवरून माल वाचवून परत पाठवतो. त्यातल्या व्हीपीएस३५ मधला डी६२०एन हा बदल आनुवंशिक पार्किन्सनमध्ये सापडला आहे. व्हीपीएस३५ कमी केल्यावर तुमचं प्रथिन लॅम्प१ कडे सरकतं का बघा. सरकलं तर शेपटीच्या टोकाचे शेवटचे चार अमिनो आम्ल वाचा. तिथे पीडीझेड या प्रथिन-भागाला जोडणारा क्रम असेल तर पुढचा प्राइमर एसएनएक्स२७ चा, म्हणजे असा पीडीझेड भाग असलेल्या रेट्रोमरच्या साथीदाराचा, मागवा.